उसातली हाक

पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात. वर्षभर दुसऱ्यांच्या वरातींमागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्या माझ्यासारखीला तेवढाच एक महिना स्वतःचा मिळतो, आणि त्या महिन्यात मी लढायांच्या जागांचे फोटो काढते. जिथे कधीकाळी माणसं कापली गेली असं गावात सांगतात, त्या जागा आज दिसतात तशा. आमच्या जुन्नर-आंबेगावात अशा जागांना तोटा नाही. घाट आले, खिंडी आल्या, म्हणजे कुणीतरी कुणाची वाट अडवलेलीच असणार. पेठच्या वरच्या अंगाला एक माळ आहे, डिंभ्याच्या पाण्याकाठी एक टेकाड आहे. तिथे आता शेरडं चरतात आणि पोरं क्रिकेट खेळतात.

नवऱ्याला हे खूळ वाटतं. आमच्या नारायणगावच्या स्टुडिओत त्याने एकदा माझा फोटो एका गिऱ्हाइकाला दाखवला आणि म्हणाला, ही बघा घनघोर लढाई. फोटोत मेथीचे वाफे होते आणि रवंथ करणारी एक म्हैस. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही, पण तो खोटं काही बोलला नव्हता. मला तेच हवं असतं. त्या जागी जाऊन कुणाची लढाई झाली म्हणून विचारावं, तर एकाच पारावर एक म्हणतो मोगलांची, दुसरा म्हणतो त्याच्याही आधीची, तिसरा म्हणतो कसली लढाई, दोन गावांत पाण्यावरून जुंपली होती. लढून मेलेल्याचं चित्र कोरलेला वीरगळ बांधावर उभा असतो, त्यालाही शेंदूर फासून म्हसोबा केलेला असतो. लोकांना नारळ फोडायला देव मिळतो आणि लढाई मिटून जाते.

खऱ्या लढाईतला माणूस मात्र माझ्या घरातच होता. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, एकाहत्तर साली पंजाबच्या सरहद्दीवर होते. लढाईबद्दल त्यांनी आयुष्यभरात जे सांगितलं ते एवढंच की थंडी लई व्हती, चहा पाणचट व्हता, आणि त्यांचा हवालदार असा घोरायचा की शत्रूला पत्ता लागला असता. लहानपणी आम्ही भावंडं हसायचो. मोठी झाल्यावर मी खोदून खोदून विचारलं, तर ते उठून गुरांना पाणी दाखवायला जायचे. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आधी फार संकोचायचे. आता हे लेकीचं घर आहे हेच विसरतात, त्यामुळे निवांत असतात.

ते विसरायला लागले तशी मी दुःखी झाले म्हणावं, तर तसंही नाही. मला राग आला. आईचं जाणं विसरले, माझ्या मुलीचं नाव विसरले, तेही मी सोसलं. पण जी गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही तीही ते न सांगताच विसरणार, याने माझं डोकं फिरायचं. मी तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाया हुडकत रानोमाळ फिरत होते आणि घरातली लढाई माझ्या डोळ्यांदेखत पुसली जात होती. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कोंडून ठेवू नका, बाहेर फिरवा. म्हणून फोटो काढायला जाताना मी त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून न्यायला लागले. त्यांना ते आवडायचं.

त्या दिवशी आम्ही ओझरच्या अलीकडे, नदीच्या अंगाला एका रानात गेलो होतो. तिथेही लढाई झाल्याचं सांगतात. रानाचा मालक चाळिशीचा, त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मी काढलेले, म्हणून तो मला ताई म्हणतो. वस्तीवर तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. रानात ऊस उभा होता. कारखान्याची तोड लांबली होती आणि ऊस दीड पुरुष वाढून त्याला पांढरे तुरे आले होते. तुऱ्यांवर उतरतीचं ऊन आणि मागे लांब देवळाचा कळस, असा फोटो मला हवा होता.

तात्यांना मी बांधावर सावलीत बसवलं. ते बराच वेळ उसाकडे बघत राहिले आणि आपणहून म्हणाले, "ऊस तिकडं बी व्हता." इतक्या वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. तिकडे म्हणजे कुठे, मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. ऊन चाललं होतं, फोटोला हवा तो प्रकाश दहा मिनिटांत गेला असता. मी म्हणाले, बसा हं, आलेच, आणि उंचावरून फोटो मिळावा म्हणून पलीकडच्या विहिरीच्या कठड्यावर चढले.

परत आले तर बांध रिकामा. त्यांची एक चप्पल उसाच्या तोंडाशी, सरीत पडली होती.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. म्हातारा उसात गेला, येईल परत. पण आमच्याकडे उसात बिबट्या असतो. असेल नसेल असं नाही, असतोच. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्याने घर केलं. त्याची पिल्लं तिथेच जन्मतात, त्यांना जंगल म्हणजे ऊसच माहीत. म्हणून इथे कुणी एकटं उभ्या उसात शिरत नाही. शिरायचंच झालं तर आधी आवाज करायचा. बायका गवताला जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात. दिवाळीचे सुतळी बॉम्ब घरोघर कोरड्या डब्यात जपून ठेवलेले असतात, कारण ते दिवाळीसाठी नसतातच. आवाज झाला की बिबट्या आपण होऊन बाजूला होतो. आणि सगळ्यात वाईट काय, तर वाकलेला किंवा बसलेला माणूस. तो त्याला शेरडासारखा दिसतो. शेजारच्या वस्तीवरची एक बाई खुरपताना वाकलेली होती, तिच्या मानेवर अजून व्रण आहे.

मी वस्तीकडे धावले. मालकाने ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. सकाळीच त्याने विहिरीवरच्या मोटारीपाशी पंजांचे ठसे बघितले होते, मोठे आणि त्यांच्या बाजूला लहान. म्हणजे मादी होती आणि पिल्लं तिच्याबरोबर होती. त्याने मला हे लगेच सांगितलं, लपवलं नाही. मी त्याच्यावरच ओरडले, की मग आधी का नाही सांगितलंस. मी फोटो काढायला येणार हे मी तरी त्याला कुठे कळवलं होतं.

हाका गेल्या तशी आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं आली. काठ्या, डबे, एकाच्या हातात पिकावरच्या पाखरांसाठी वाजवायचा पत्रा. आम्ही उसाच्या कडेने उभे राहिलो आणि सगळे क्षणभर गप्प झालो, तेवढ्यात आतून खोकला आला. तात्यांचाच. तो खोकला मी लाखात ओळखीन. फार लांब नव्हता. मला रडू फुटलं, इतका आनंद झाला. मी हाक मारली, आणि त्याच वेळी मालकाने पहिला सुतळी बॉम्ब पेटवून बांधावर टाकला, मादी लांब जावी म्हणून. कानठळ्या बसल्या. मग दुसऱ्या बाजूने दुसरा, नदीच्या अंगाने तिसरा. डबे, पत्रा, शिट्ट्या. मीही कुणाच्या तरी हातातला डबा घेऊन बडवायला लागले. मधे मधे घसा फोडून ओरडत होते, तात्या, ओ द्या, तात्या, ओ द्या.

त्यानंतर खोकला आला नाही.

ऊन तुऱ्यांच्या शेंड्यांवर आलं. मला वाटलं सगळं संपलं. मी डबा टाकून दिला. मी परत विहिरीच्या कठड्यावर चढले, गळ्यात कॅमेरा होताच, आणि लांबची लेन्स लावून उसावरून नजर फिरवायला लागले. वारा पडला होता. सगळे तुरे स्तब्ध होते, फक्त मधल्या एका पट्ट्यात हलत होते. कुणीतरी खालून सरकत होतं. बॉम्ब फुटला की तुरे थांबायचे. आवाज विरला, की परत हलायचे, आणि दर वेळी आणखी आत, आमच्यापासून लांब. जनावर असं करत नाही. जनावर आवाजाला पळतं. हे जे काही होतं ते आवाजाला दबा धरून बसत होतं.

तेव्हा मला कळलं. आम्ही त्यांना वाचवायला बॉम्ब फोडत होतो, आणि आम्ही मादीला जिकडे हाकलत होतो तिकडेच ते आमच्यापासून वाचायला सरपटत होते.

मी खाली उतरून सगळ्यांना सांगितलं, आवाज बंद करा. कुणाला पटेना. मालकाने माझा हात धरला. "ताई, आवाज बंद केला तर ती हितंच थांबंल. पिल्लं हायेत तिची. म्हातारं जमिनीला टेकलेलं, आन् आमी गप बसून बघायचं का?" तो काही चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मी सांगत राहिले, ते फौजेत होते, त्यांना हे बॉम्ब फटाके वाटत नाहीत, आपण फोडत राहिलो तर ते कधीच बाहेर येणार नाहीत. एकजण म्हणाला, वनखात्याची गाडी निघालीय, येईलच. कुठून निघालीय, मी विचारलं. जुन्नरहून. तोवर अंधार झाला असता.

मालकाची आई इतका वेळ काठीवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, फोडू नका आता, तिचा बाप हाय, तिला ठावं. मालकाने आईकडे बघितलं, हातातला बॉम्ब खिशात घातला, आणि चुलीजवळचा कोयता घेऊन आला. मी म्हणाले, तू येऊ नकोस. त्याने ऐकलं नाही.

आम्ही दोघं सरीतून आत शिरलो. आवाज न करता उसात शिरणं हे मी जन्मात केलं नव्हतं, त्यानेही नाही. दोन पावलांवर बाहेरचा उजेड गेला. खाली वाळक्या पाल्याचं पाचट इतकं की पाय टाकला की करकर वाजायचं, म्हणून आम्ही पाय घासत चाललो. उसाची पानं गालाला, कपाळाला कापत होती. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता आणि तोही मला फार मोठा वाटत होता. हाक मारायची हिंमत होईना. बाहेर वीस-पंचवीस माणसं असून एक शब्द येत नव्हता, आणि ती शांतता बॉम्बपेक्षा वाईट होती. मी घाबरले होते. तात्यांसाठी घाबरले होते, पण खरं सांगायचं तर त्या वेळी जास्त माझ्यासाठीच.

एका ठिकाणी माझा पाय घोट्याशी कुणीतरी धरला. मी किंचाळले कशी नाही, मला माहीत नाही. तात्या सरीत पालथे पडले होते, पाटाच्या पाण्याने भिजलेल्या चिखलात, हनुवटी जमिनीला टेकवून. त्यांनी मला ओढून खाली पाडलं आणि माझं डोकं दाबून धरलं. त्या हातात इतका जोर होता, की सकाळी त्याच हाताला मी भाकरी मोडून दिली होती हे खरं वाटेना. मालकही आडवा झाला. तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

चार-पाच सऱ्या पलीकडे पाचट वाजलं. थांबलं. परत वाजलं. काहीतरी जड, पण हलकं पाऊल टाकणारं. वास आला, ओल्या कातड्यासारखा. मालक कोयता छातीशी धरून डोळे मिटून पुटपुटत होता, विघ्नहराचं नाव असावं. तात्या मात्र एकदम शांत होते. त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता आणि तो झोपलेल्या माणसासारखा संथ होता. वाजत वाजत ते जे काय होतं ते नदीकडे गेलं. मग काहीच ऐकू येईना.

मी कानात म्हणाले, तात्या, चला. त्यांनी मान हलवली. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण मी आपल्या बाजूची आहे एवढं ते धरून चालले होते. कुजबुजत ते म्हणाले, "त्यो मगापासून हाका मारतोय."

कोण, मी विचारलं.

"लागलंय त्याला. पाय न्हाई. उसात पडलाय." त्यांचा चेहरा माझ्या इतका जवळ होता, की डोळ्यांतलं पाणी दिसत होतं. "ओ दे म्हणतोय. ओ दिली तर आपला ठावठिकाणा कळंल. मी ओ दिली न्हाई. सकाळपातुर हाका मारत व्हता, मंग थांबला."

मी मघापासून तेच ओरडत होते. ओ द्या, ओ द्या. आणि ते इथे चिखलात तोंड खुपसून ती हाक दुसऱ्यांदा सोसत होते. मला त्यांना कवेत घ्यावंसं वाटलं, आणि इतके दिवस त्यांच्यावर केलेला सगळा राग कुठे ठेवू ते कळेना. पण अंधार होत होता. ते त्याला सोडून निघणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. एकदा निघाले होते, आता नाही.

मी म्हणाले, "त्याला आणलाय आम्ही बाहेर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "जित्ता?"

"जित्ता. वस्तीवर च्या पितोय."

तात्या हातांवर उठले. आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि सरीने बाहेर आणलं. बाहेर कुणी ओरडलं नाही, टाळ्या नाहीत की देवाचं नाव नाही. मालकाच्या आईने सगळ्यांना तसंच दटावून ठेवलं होतं. तिने तात्यांना वस्तीवर नेऊन बाजेवर बसवलं, पाय पुसले, अंगावर घोंगडी टाकली, हातात चहाचा कप दिला. तात्यांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. ते एकेका माणसाच्या तोंडाकडे बघायला लागले. काठीवाल्याकडे, पत्रावाल्याकडे, परत पहिल्याकडे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, कुठाय.

एका वाक्याने त्यांना बाहेर काढलं होतं, पुढचं वाक्य मला सुचत नव्हतं. ते बाजेवरून उठायला लागले, चहा घोंगडीवर सांडला.

मालक कोपऱ्यात उभा होता. गालावर पानांनी कापलेलं, रक्त सुकलेलं, कपडे चिखलाने भरलेले. तो पुढे आला, बाजेशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "हितं हाय की मी."

तात्यांनी कप खाली ठेवला. दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं, अंगठ्याने त्याच्या गालावरचं रक्त पुसलं. मग त्याच्या पायांवरून हात फिरवला, खाली घोट्यापर्यंत, दोन्ही पायांवरून. आणि म्हणाले, "मला ऐकू येत व्हतं रं. समदं ऐकू येत व्हतं."

मालक म्हणाला, "मला ठावं हाय. च्या घ्या, गार व्हतोय."

तात्या चहा प्यायले. वनखात्याची गाडी आली तेव्हा ते बाजेवर झोपले होते.

घरी येताना गाडीत त्यांनी विचारलं, चपला कुठं गेल्या. दुसऱ्या दिवशी अंगावरचे ओरखडे बघून म्हणाले, मांजरं लई वाढलीत. तेव्हापासून त्यांनी उसाचा विषय काढला नाही, लढाईचा काढला नाही. हवालदाराचं घोरणंही गेलं. मी विचारलं नाही. आता ती गोष्ट माझ्याजवळ आहे, आणि ती मिळावी म्हणून मी इतकी वर्षं तरसले, याचं मला नवल वाटतं.

चार-आठ दिवसांनी मालकाचा फोन आला. तात्यांची चौकशी केली, तोड आल्याचं सांगितलं, मादी पिल्लं घेऊन पलीकडे गेल्याचंही सांगितलं. मग म्हणाला, "ताई, त्या मानसाचं नाव काय व्हतं? ज्याच्या नावानं मी ओ दिली त्याचं."

मी त्याला थांब म्हणाले. तात्या अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होते. मी फोन हातात धरून त्यांच्यापुढे बसले आणि हळूच विचारलं, तात्या, पंजाबात, उसात जो होता, तुमच्या बरोबरचा, त्याचं नाव काय हो.

त्यांनी शेंग हातात तशीच धरली. आठवायचा प्रयत्न करत होते हे दिसत होतं, मला बरं वाटावं म्हणून करत होते.

"कुणाचं?" ते म्हणाले.

मी मालकाला सांगितलं की नाही आठवत त्यांना. तो म्हणाला, मग माझंच नाव राहू द्या, आणि फोन ठेवला.